श्वासासकट

६ जानेवारी, सोमवार

घशाच्या डॉक्टरांनी रोज दोन तास मौन पाळायला सांगितलंय. मी म्हटलं, अहो, बोलणं हाच माझा धंदा आहे. ते म्हणाले, म्हणूनच. आता दोन तास गप्प बसून करायचं काय, म्हणून ही वही. वहिनी म्हणाली, "वन्सं, घरात एवढी शांतता मिळणार असेल तर दुसरी वही मी आणून देते."

धंद्याबद्दल लिहून ठेवते. सहा वर्षं मी एका अंतराळयानाचा आवाज आहे. टीव्हीवरच्या मालिकेतलं यान. सात माणसं त्यात बसून कुठल्यातरी ताऱ्याकडे निघाली आहेत आणि अजून पोचलेली नाहीत, कारण पोचली तर मालिका संपेल. "कक्ष तीनमधील दाब कमी होत आहे," ती मी. "दार बंद होत आहे," तीही मीच. सुखदुःख नसलेला, कडक इस्त्रीचा आवाज. स्टुडिओत मला यानबाई म्हणतात. चेहरा कोणाला माहीत नाही, भाजी घेताना कोणी ओळखत नाही.

काचेपलीकडे मास्तर बसतात. ते रेकॉर्डिस्ट. माझी वाक्यं टिपून झाली की त्यातला माझा एकूण एक श्वास ते कापून टाकतात. यंत्राला श्वास कसला? सहा वर्षांत त्यांच्या हातून एकही राहिलेला नाही. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, माणूस ज्यावर जगतो तेवढंच नेमकं तुमचे मास्तर फेकून देतात.

आज चॅनलवाल्यांचं फर्मान आलं. या पर्वात एक भाग संगीतमय हवा. सगळ्यांनी गायचं. आधी लेखक हसला, मग त्याला कळलं की ही थट्टा नाही.

९ जानेवारी

बैठक झाली. मला बोलावण्याचं कारण नव्हतं, पण मौनाचे दोन तास सकाळीच उरकले होते, म्हणून जाऊन बसले आणि नाकाने कांदे सोलले.

माझं म्हणणं असं. सिनेमात नायक डोंगरावर गातो तेव्हा वाद्यं कुठून आली असं कोणी विचारत नाही, कारण न विचारण्याचा करार तिकीट काढतानाच झालेला असतो. आमचं तसं नाही. आमच्या यानात दार उघडायलाही कारण लागतं. सहा वर्षं आपण बघणाऱ्याला "का?" विचारायची सवय लावली आणि आता म्हणायचं, या एका शनिवारी विचारू नका. मग पुढच्या शनिवारी हवा संपत आली तर तो कशाला घाबरेल? म्हणेल, गातील आणि सुटतील.

लेखकाने कारणं आणली होती. एक, कसलातरी वायू हुंगून सगळे झिंगतात. दोन, परग्रहावरचे लोक फक्त गाण्यात बोलतात. तीन, सगळं स्वप्न होतं. तिसऱ्या कारणावर मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, त्यानेच कागद चुरगळला. घोडं तिथेच पेंड खात होतं. गायला हरकत नाही, पण का?

तेवढ्यात कोपऱ्यातून मास्तर म्हणाले, "यानाचे कान गेले असं करा."

मास्तर बैठकीत बोलतात हीच बातमी. आणि मग ते बोलतच राहिले. म्हणाले, कान एकदम जात नाहीत. आधी स, श, फ असली बारीक अक्षरं जातात, शब्दांचे काठ झिजतात. कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. वाटतं, हल्ली लोक पुटपुटायला लागलेत. पण खालच्या पट्टीतला, धरून ठेवलेला सूर पोचतो. बराच काळ पोचतो. तेव्हा यानाला काही सांगायचं तर प्रत्येक शब्द लांबवून, सुरात धरायचा. हवा मागायची तर गाऊन मागायची.

लेखक खुर्चीतून उठलाच. माझीही हरकत संपली. हौस म्हणून गाणं आणि जीव वाचवायला गाणं यांत फार फरक आहे. यानाला ऐकू गेलं नाही तर खोलीत हवा येणार नाही, म्हणजे प्रत्येक गाण्याला धास्ती आली. हे चालेल. मास्तर एवढं कुठे वाचत असतात कोण जाणे. माणूस कळत नाही.

१४ जानेवारी

मास्तरांनी आज वात आणला. एकेक वाक्य चारचारदा. पूर्वी माझं वाक्य सुरू झालं की डोळे मिटून ऐकायचे. हल्ली पडद्याला नाक लावून बसतात, माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. शेवटी विचारलं, माझा आवाज उतरलाय का, सरळ सांगा. म्हणाले, "आवाज आहे तसाच आहे, बाई." मग पुन्हा तेच वाक्य.

घरी येऊन वहिनीपुढे तणतण केली. ती म्हणाली, एकदा जेवायलाच बोलवा त्यांना. मी म्हटलं, कामाचा माणूस कामापुरता. "हो ना," ती म्हणाली, "सहा वर्षं रोज रात्री त्यांच्याबद्दल ऐकतेय मी. कामापुरतंच."

मी विषय बदलला. मास्तरांच्या पत्नीला जाऊन नऊ वर्षं झाली, डब्यात रोज तीच भेंडीची भाजी असते, आणि निळा स्वेटर कोपरावर विरलाय. आता एवढं तर कोणालाही दिसतं.

२१ जानेवारी

भागाच्या शेवटी यान उत्तर देतं. सातही जण गाऊन थकतात, त्यांना वाटतं आता ते कायमचं बहिरं झालं, आणि तेव्हा यान स्वतः गातं. दहा ओळी. लेखकाने कागद हातात दिला.

दार मी होते, हवा मी होते,
तुम्ही आत होता, म्हणून घर होते.

बाकीच्या आठ लिहीत नाही. मुखपाठ झाल्यात.

कोण गाणार, असं मी सहज विचारल्यासारखं विचारलं. संगीतकार म्हणाला, एक मोठी पार्श्वगायिका ठरली आहे, तिच्या तारखा पुढच्या महिन्यात आहेत. तोवर चित्रीकरणासाठी कच्चं गाणं हवं, नटांना कानात ऐकवायला. "ते तुम्ही गाऊन टाका, यानबाई. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल, नंतर पुसायचंच आहे."

एकोणीस वर्षांची असताना गाण्याच्या बाईंनी सांगितलं होतं, तुझा आवाज सपाट आहे, उगाच वेळ घालवू नकोस. मी नाही घालवला. त्याच सपाट आवाजावर घर चालवलं, भावाच्या आजारपणात उभी राहिले, आणि गाण्याच्या बाबतीत कानाला खडा लावला. न्हाणीघरातसुद्धा गुणगुणले नाही.

पण आज राहून राहून एकच गोष्ट मनात येतेय. नटीला दुसरीचा गळा दिला तरी नटीचा चेहरा राहतो. मला चेहराच नाही. माझा आवाज काढून तिथे दुसरा ठेवला तर त्या भागात मी उरतेच कुठे?

मला ते गाणं गायचंय. पुसण्यासाठी नाही, ठेवण्यासाठी. वहिनीलासुद्धा सांगायची लाज वाटते, म्हणून इथे लिहिलं.

२४ जानेवारी

गायले. चौथ्या ओळीच्या आधी श्वास अडकला, हुंदका यावा तसा, पण थांबले नाही.

संपल्यावर काचेपलीकडे मास्तरांनी कानांवरचे हेडफोन काढून ठेवले, मोठ्या स्पीकरवर तळहात टेकवला आणि पूर्ण गाणं तसंच उभं राहून वाजवलं. दार अर्धं उघडं होतं, आवाज एवढा मोठा की माझ्या पायाखालची फरशी थरथरली. मी "पुन्हा" ऐकायच्या तयारीत होते. ते म्हणाले, "असू दे. संथ गायलात ते बरं केलंत."

कच्च्या गाण्याला एवढं पुरे, असंच असेल.

तरी धीर केला. आत जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, संगीतकाराकडे माझ्यासाठी शब्द टाकाल का? हे मलाच गाऊ द्या म्हणून? ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्या शब्दाला आता वजन नाही, बाई. महिनाभराने मी इथे नसेन. मुलीकडे राहायला जातोय."

मी "बरं" म्हटलं.

मुलीचं गाव बसने पाच तासांवर आहे. मीच नंतर चौकशी केली. का जाताय असं मात्र विचारलं नाही. सहा वर्षांत ज्याने स्वतःहून काही सांगायची गरज मानली नाही त्याला मी का विचारू? इतका राग आला की घरी येऊन भांडी घासायला घेतली, ती घासलेलीच होती.

५ फेब्रुवारी

पार्श्वगायिका येऊन गाऊन गेली. मी बाहेरच्या सोफ्यावर बसून ऐकलं. खोटं का लिहू, सुंदर गायली. जिथे मी धापा टाकत पोचले तिथे ती आधीच जाऊन बसलेली असते. वर स्वभावाने चांगली. "हवा" हा शब्द यान कसं म्हणतं, असं मला आदबीने विचारलं. मी म्हणून दाखवला. तिला वाईट म्हणायचीसुद्धा सोय उरली नाही.

१३ फेब्रुवारी

मास्तरांचा शेवटचा दिवस. बिस्किटं, चहा, संगीतकाराचं भाषण. सगळे पांगल्यावर ते पाठमोरे बसून वायरी गुंडाळत होते. खोलीत आम्ही दोघंच.

मी म्हटलं, "मास्तर, तुमच्यावाचून मला इथे करमणार नाही."

हळू म्हटलं, पण चार पावलांवरून म्हटलं. त्यांनी वळून पाहिलं नाही. वायर गुंडाळत राहिले, गाठ मारली, खोक्यात ठेवली.

ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने असलं काही बोलू नये, हाच त्याचा अर्थ. पर्स उचलली आणि निघाले. वहिनीने विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, काय म्हणणार. आज मौनाचे दोन तास सोडून बाकीचे तासही पाळले.

२७ फेब्रुवारी

स्टुडिओच्या छोट्या सभागृहात तो भाग दाखवला. पहिली वीस मिनिटं लोक फिदीफिदी हसले. यानाचा कप्तान संडासाचं दार उघडावं म्हणून आळवतोय, हे दृश्य माझ्या हातात असतं तर ठेवलं नसतं. मग एका खोलीतली हवा संपत येते आणि सगळ्यांत बेसूर माणूस, यानाचा इंजिनवाला, एकच सूर धरून ठेवतो. हसू थांबलं.

मग यानाचं गाणं आलं.

पहिल्या ओळीआधी यानाने श्वास घेतला.

मी खुर्चीचा हात धरला. दुसऱ्या ओळीआधी पुन्हा. आवाज पार्श्वगायिकेचा, श्वास माझे. स्वतःचा श्वास कळतो. आणि चौथ्या ओळीआधी तो अडकलेला, हुंदक्यासारखा. शंकाच नको.

दिवे लागले तसा चॅनलचा साहेब उखडला. यंत्र श्वास घेतंय, हा काय प्रकार आहे, रेकॉर्डिस्ट झोपला होता का? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मास्तरांचं नाव आता निघणार, एवढंच मला दिसलं. मी उठून म्हटलं, "ते मी ठेवायला सांगितले होते. यानाला कान आहेत, तर श्वास का नसावा?" साहेब माझ्याकडे बघतच राहिला. मी कोण हे त्याला आवाजावरून कळलं असावं. प्रक्षेपण दोन दिवसांवर, नवीन काही करायला वेळ नव्हता. राहिलं तसंच.

सहा वर्षांत ज्यांच्या हातून एक श्वास राहिला नाही, त्यांच्या हातून दहा राहिले. जाताना लक्ष लागलं नसेल. की ठेवले? माझ्यासाठी ठेवले?

२ मार्च, रविवार

काल भाग लागला. गाणं संपल्यावर वहिनीने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "वन्सं, ते श्वास तुमचे आहेत." मी विचारलं, कशावरून. "तुमचा भाऊ गेल्यापासून एका खोलीत झोपतो आपण. ओळखणार नाही?"

लोकांची मतं येतायत. निम्मे म्हणतात, हा काय पोरखेळ. निम्मे म्हणतात, शेवटी रडू आलं. दोघंही बरोबर आहेत. गाणी अशा मालिकेत चालतात का, असं आता मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, दर आठवड्याला नाही चालत. पण जिथे सगळे फक्त कामापुरतं बोलतात तिथे एकदा गायला हवं. नाहीतर आतलं आतच राहतं.

आज दिवसभर मी हवेत आहे. ठेवलेच त्यांनी. माझ्यासाठी ठेवले.

४ मार्च

हवेतून खाली आले. संगीतकाराचा फोन होता, भागाच्या कौतुकाचा. बोलता बोलता म्हणाला, "मास्तरांना ते श्वास ऐकूच आले नसतील बिचाऱ्यांना. तुम्ही बरं सांभाळून घेतलंत." म्हणजे? म्हणजे मास्तरांचे कान दोन वर्षांपासून चाललेत. उजवा तर गेलाच. म्हणून काम सोडलं. स्टुडिओच्या मालकाला तेवढं सांगून गेले, बाकी अळीमिळी गुपचिळी.

फोन ठेवून तिथेच बसले. चारचारदा वाक्यं. पडद्याला नाक. स्पीकरवर हात. यानाचे कान. हे त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं आणि मला वाटलं, माणूस वाचतो. आणि मी पाठमोऱ्या बहिऱ्या माणसाला हळू आवाजात जे सांगितलं ते कोणीच ऐकलं नाही. ते एका अर्थी बरं झालं, आणि दुसऱ्या अर्थी त्याहून वाईट काही नाही.

श्वास राहून गेले, एवढंच. ऐकू न आल्यामुळे.

१० मार्च, सोमवार

नव्या पर्वाचं काम सुरू. नवी रेकॉर्डिस्ट माझ्याच वयाची, बडबडी बाई आहे. मी तिला विचारलं, श्वास कापताना चुकून राहतात का हो? तिने मला पडद्यासमोर बसवलं. बोललेलं डोंगरासारखं दिसतं, श्वास त्याच्या पायथ्याशी वारुळाएवढे. "आंधळी असते तर चुकले असते," ती म्हणाली. "हे तर डोळ्यांचं काम आहे."

मग मीच म्हटलं, त्या गाण्याची फाइल उघडा.

माझं कच्चं गाणं पुसलेलं होतं. दहा श्वास तेवढे राहिले होते, पण जागेवर नव्हते. पार्श्वगायिका माझ्यापेक्षाही संथ गायली होती, म्हणून प्रत्येक श्वास उचलून तिच्या ओळीआधी नेऊन बसवलेला. प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा वाढवलेला. चौथा सगळ्यांत कमी, कारण तो मुळातच मोठा होता.

बाई पडद्याकडे बघत म्हणाली, "हे राहून गेलेलं नाही. याला दोन दिवस लागतात."

आणि त्यातला एकही त्यांना ऐकू आला नव्हता. नुसतं बघून केलं.

१२ मार्च

त्यांची फार आठवण येते. असं लिहिलं की बरं वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटत.

फोन करून काय उपयोग? पत्रं चार लिहिली, चारही फाडली. पत्रात मी यानासारखीच बोलते, "कळविण्यात येते की" वगैरे. माझ्याकडे आयुष्यभराची कमाई म्हणजे एक आवाज, आणि नेमका ज्याला तो द्यायचा त्याच्याकडे ऐकायला दिवस उरलेले नाहीत. डावा कान अजून थोडा आहे, असं संगीतकार म्हणाला. थोडा म्हणजे किती, ते त्याला माहीत नाही.

वहिनी म्हणाली, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवताय, रविवारची बस धरा.

१६ मार्च, रविवार

मास्तरांच्या मुलीच्या घरी, जिन्याखालच्या छोट्या खोलीत बसून लिहितेय.

बसमध्ये पाच तास वाक्यं जुळवली. दार मुलीने उघडलं. मी नाव सांगायच्या आत म्हणाली, "तुम्ही यान." मग हळूच सांगितलं, डाव्या बाजूला बसा, आणि घाई करू नका. डॉक्टरांच्या हिशोबाने त्या कानाचं वर्ष, फार तर दीड वर्ष.

मास्तर खिडकीशी बसले होते. तोच स्वेटर. मला बघून उठले, "बाई, बसा" म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागले, शब्द पकडायला. बसमधली सगळी वाक्यं एकदम निरुपयोगी झाली. मी डावीकडे खुर्ची ओढली आणि गायला लागले. खालच्या पट्टीत, जितकं संथ जमेल तितकं. दहाच्या दहा ओळी. श्वास मुद्दाम लपवला नाही. सूर हलला असणार, हलू दे. मुलगी दारातून आत गेली.

मास्तर माझ्याकडे झुकून बसले होते. मध्ये कधीतरी त्यांचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला.

संपल्यावर मी तोंड त्यांच्याकडे करून सावकाश विचारलं, ऐकू आलं?

"शब्द नाही आले," ते म्हणाले. "तुम्ही आलात."

मग मी ते वाक्य पुन्हा म्हटलं, पाठमोऱ्या माणसाला म्हटलेलं, तुमच्यावाचून मला करमणार नाही. या वेळी समोरून, मोठ्याने, मुलगी आत आहे याची पर्वा न करता. त्यांना ते कळलं. मग त्यांनी विचारलं, पुढच्या रविवारी याल का? गाल का?

मी म्हटलं, येईन. पण मला एवढं एकच गाणं येतं.

"मलाही एकच कान उरलाय," ते म्हणाले. "पुरेल."